विंडोज राहू द्या, लिनक्सलाही जागा द्या

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचाही कम्प्युटर बंद पडला नाही, म्हणून आपल्या मोहल्ल्यांत त्याची चर्चाही झाली नाही. स्क्रीन तशीच उजळते, फाइली तशाच उघडतात. फरक एवढाच की चोराला घरात शिरायची नवी फट सापडली, तर ती बुजवायला आता कंपनी येणार नाही. नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवली गेली. पण ती मुदतवाढ आहे, उपाय नव्हे.

मग विंडोज ११ घ्यावं, असं कुणीही म्हणेल. तिथेच अडतं. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. म्हणजे २०१७च्या आधीचे बहुतेक कम्प्युटर त्या दारातूनच परत फिरतात. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे आहेत, पण त्याची हमी कंपनी देत नाही.

आता अमरावती-अकोल्यातली आपली घरं डोळ्यांसमोर आणा. ऑफिसांनी काढून टाकलेले सेकंडहँड डेस्कटॉप, कोरोनाच्या वर्षांत ऑनलाइन क्लाससाठी कसेबसे घेतलेले लॅपटॉप, चार जीबी रॅम, रांगणारी हार्ड डिस्क. मुलगी बारावीला आहे, मुलगा बीसीएला जायचं म्हणतो. पालक विचारतात, "सर, नया लेनाच पडता क्या? ये भंगार में दे दूँ?" त्यांच्यासाठी तो प्रश्न महिन्याच्या पगाराचा असतो.

माझं उत्तर असं: भंगारात देऊ नका, आणि विंडोज पुसूनही टाकू नका. त्याच कम्प्युटरमध्ये शेजारी लिनक्स बसवा. सुरू करताना कम्प्युटर विचारेल, आज कोण हवंय? ज्याचं काम असेल त्याला बोलवा. याला ड्युअल बूट म्हणतात. पण हे सांगण्यामागे पैशांची बचत हे एकच कारण नाही. आणखी दोन कारणं आहेत आणि माझ्या लेखी ती मोठी आहेत: आपली सचोटी आणि आपली अक्षरं.

चोरीचा माल

जरा कडू बोलतो. आपल्या घरांतल्या, दुकानांतल्या आणि काही शिक्षणसंस्थांतल्याही कम्प्युटरांवर विकत न घेतलेलं विंडोज असतं, विकत न घेतलेलं ऑफिस असतं आणि उर्दूचं काम असेल तर क्रॅक केलेलं इनपेज असतं. त्याच इनपेजवर सीरतच्या पुस्तिका जुळवल्या जातात, रमजानची वेळापत्रकं छापली जातात. हराम-हलालचा विचार आपण बिस्किटाच्या पुड्यामागचे बारीक अक्षरातले घटक वाचून करतो. कम्प्युटरच्या बाबतीत मात्र "सब चलता है" म्हणतो.

बौद्धिक हक्क हा हक्क आहे का, यावर जुन्या उलेमांत मतभेद होते हे खरं. पण डिसेंबर १९८८मध्ये कुवेतला भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक्क शरियतच्या दृष्टीने मान्य असल्याचा आणि त्यांवर अतिक्रमण करता येणार नसल्याचा ठराव केला. देशाचा कायदा तर स्पष्टच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बनुसार, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कम्प्युटरवर वापरणं हा गुन्हा आहे आणि त्याला कैदेची तरतूद आहे.

धर्म आणि कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार उरतोच. क्रॅक कोण बनवतं, त्यात आणखी काय दडवतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे राखणदाराला झोपवून अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली द्यायची, आणि त्याच घरात बँकेचा पासवर्ड आणि मुलांची आधार कार्डं ठेवायची.

लिनक्सची गोष्ट इथे वेगळी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या दोन्हींच्या मिलाफातून उभं राहिलेलं काम आज उबुंटू, मिंट, डेबियन अशा नावांनी मिळतं. त्याचा परवानाच सांगतो की वापरा, उघडून पाहा, बदला, नक्कल काढून शेजाऱ्याला द्या. जे विंडोजच्या बाबतीत चोरी ठरतं, तेच इथे अपेक्षित आहे. आणि लिनक्स परकंही नाही. तुमच्या खिशातला मोबाइल अँड्रॉइडचा असेल तर त्याचा गाभा लिनक्सचाच आहे.

अक्षरं कुणाच्या कुलपात?

उर्दू शाळेतल्या शिक्षकाला एकाच आठवड्यात उर्दूतली प्रश्नपत्रिका आणि मराठीतला अहवाल, दोन्ही टाइप करावे लागतात. एक उजवीकडून डावीकडे, दुसरा डावीकडून उजवीकडे. मजकूर टाइप करून देणारी दुकानं आपण याचसाठी गाठतो.

नस्तालिक ही लिपी यंत्राला सहजासहजी वश झाली नाही. अक्षरं तिरकी उतरत एकमेकांवर बसतात, म्हणून उर्दू वर्तमानपत्रं दशकानुदशकं कातिबांच्या हातांनी लिहून छापली गेली. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालिकने १९८१मध्ये ही कोंडी फोडली आणि लाहोरचा 'जंग' त्या अक्षरांत निघाला. १९९४मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणलं आणि ही सोय गल्लीतल्या कम्प्युटरपर्यंत आली. इनपेजचे उपकार उर्दू कधी विसरणार नाही. मराठीत तेच काम श्री-लिपी, आयएसएम आणि कृतिदेवच्या अक्षरांनी केलं.

पण या जुन्या व्यवस्थांत एक पेच राहिला. इनपेजच्या जुन्या फाइलीत उर्दू अक्षरं त्याच्या स्वतःच्या सांकेतिक क्रमांकांनी साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'अ' कम्प्युटरच्या लेखी 'अ' नसतोच. तो इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मुखवटा असतो. तो फॉन्ट काढा, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणजे मजकूर तुमचा, भाषा तुमची, पण कुलूप दुसऱ्याचं. वऱ्हाडातल्या शाळांची वार्षिकं, मुशायऱ्यांच्या स्मरणिका, एखाद्या बुजुर्गाने आयुष्यभर जमवलेला बाळापूर-अचलपूरचा इतिहास, हे सगळं अशा फाइलींत असेल तर वीस वर्षांनी ते उघडेल का? कागदाला वाळवी लागते तशी फाइलीलाही लागते. फरक इतकाच की ती दिसत नाही.

यावरचा इलाज युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला कायमचा एक क्रमांक. फॉन्ट कोणताही असो, सिस्टिम कोणतीही असो. लिनक्सची सवय लागली की युनिकोडची सवय आपोआप लागते, कारण तिथे दुसरा मार्गच सोयीचा नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी आणि उर्दू जोडा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आहे, उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी कगप आहे. उर्दूलाही उच्चाराधारित कीबोर्ड आहे. फॉन्ट म्हणून नोटो नस्तालिक उर्दू घ्या. तो फुकट आणि मुक्त आहे. लिब्रे ऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमधली संयुक्त लिपीची खूण चालू केली की उजवीकडून डावीकडे लिहिण्याचं बटण मिळतं. एकाच कागदावर एक परिच्छेद उर्दू, दुसरा मराठी, सुखाने नांदतात. फायरफॉक्स तर आपले मेनूसुद्धा मराठीत किंवा उर्दूत दाखवतो.

नवी सिस्टिम बसवली की दोन परीक्षा घ्या. मराठीसाठी 'वऱ्हाड' हा शब्द टाइप करा. त्यातला ऱ्ह नीट उमटला नाही तर फॉन्ट किंवा कीबोर्ड कच्चा आहे. इनस्क्रिप्टमध्ये हा ऱ मिळवायला शिफ्ट दाबून र टाइप करायचा आणि पुढे हलन्त द्यायचा. ज्या यंत्राला आपल्या मुलुखाचं नाव लिहिता येत नाही, त्याला मराठी येते असं मी मानत नाही. उर्दूसाठी नून गुन्ना, दोचश्मी हे आणि बडी ये तपासा. आणि उर्दू लिहिताना अरबी कीबोर्ड वापरू नका. अरबीचे काफ आणि ये उर्दूसारखे दिसले तरी त्यांचे युनिकोड क्रमांक वेगळे आहेत. डोळ्यांना शब्द बरोबर दिसतो, पण शोधायला गेलात की सापडत नाही.

मग विंडोज कशाला ठेवायचं?

कारण आपलं जग अजून तिथे आहे. इनपेजच्या जुन्या फाइली उघडून त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करायला इनपेज लागेल, आणि ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. वाइन नावाच्या सोयीने विंडोजची काही सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवून बघता येतात, पण ज्याला उद्या सकाळी प्रश्नपत्रिका छापायची आहे त्याने त्या भरवशावर राहू नये. काही जुने लेसर प्रिंटर लिनक्सवर रुसतात. डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन लागणारी सरकारी कामं आहेत, टॅलीवर दुकानाचा हिशेब ठेवणारे भाऊ आहेत. या कामांसाठी विंडोज ठेवा, शक्य असेल तर रीतसर विकत घेतलेलं ठेवा. बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपसोबत ते आलेलंच असतं. मात्र देखभाल संपलेल्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार करू नका. इंटरनेटचं रोजचं काम, मुलांचा अभ्यास, लिखाण आणि बँक लिनक्सवर न्या.

या दोघांच्या शेजारात एक गंमत आहे. लिनक्सला विंडोजच्या फाइली वाचता येतात, लिहिताही येतात. विंडोजला मात्र लिनक्सचा कप्पा मुळात ओळखूच येत नाही. कधी कधी तो 'फॉरमॅट करू का' असंही विचारतो. अशा वेळी 'नाही' म्हणायचं. जो संख्येने थोडा असतो त्याला दुसऱ्याची भाषा शिकावीच लागते. जो जास्त असतो त्याचं न शिकताही भागतं. उर्दू घरात वाढून मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बसवायचं कसं

सगळी कृती इथे देत नाही, पण जिथे लोक ठेचाळतात त्या जागा सांगतो.

पहिली गोष्ट, बॅकअप. निकाहचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, शाळेच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्याशिवाय काहीही करू नका. कप्पे पाडताना वीज गेली तर आहे तेही जाईल. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५च्या वर असतो आणि दुपारी लाइटचा भरवसा नसतो. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हे काम थंडीतल्या सकाळसाठी ठेवा. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून, चार्जर लावून बसा.

दुसरी, विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे का ते पाहा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर तुमच्याच घराबाहेर तुम्ही उभे राहाल. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतो, आणि मग लिनक्स त्याच्या फाइलींना हात लावायला कचरतो.

तिसरी, जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करा. लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. आरामात चालायला ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा बरी. डेस्कटॉप असेल तर माझा सल्ला वेगळा आहे: एक छोटी एसएसडी घ्या, लिनक्स तिच्यावर बसवा, जुन्या हार्ड डिस्कला हातच लावू नका. दोघांचे संसार वेगळे, भांडणं कमी. शिवाय एसएसडीमुळे जुना कम्प्युटर तरुण झाल्यासारखा वाटतो.

चौथी, आधी चाखून बघा. लिनक्सची फाइल उतरवून रुफससारख्या साधनाने पेनड्राइव्हवर चढवली की काहीही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवता येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर सापडतो का, हे तिथेच कळतं. पसंत पडलं तरच 'विंडोजच्या सोबत बसवा' हा पर्याय निवडा. 'सगळी डिस्क पुसा' हा पर्याय त्याच्याजवळच असतो, म्हणून बटण दाबण्यापूर्वी दोनदा वाचा.

पाचवी, घड्याळ. लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज त्याला स्थानिक वेळ समजतं. मग विंडोजमध्ये गेल्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसू शकते. बाहेर जोहरची अजान झालेली असते आणि कम्प्युटर सकाळचे आठ दाखवतो. घाबरू नका, कम्प्युटर बिघडलेला नाही. स्थानिक वेळ वापर, असं लिनक्सला एकदा सांगितलं की भागतं.

"दोन सिस्टिम म्हणजे दोन डोकेदुखी"

हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो खोटा नाही. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर निवडीचा मेनू गायब होऊ शकतो आणि कम्प्युटर सरळ विंडोजमध्ये जातो. बहुतेक वेळा बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम बदलला की तो परत येतो, पण हे माहीत असणारा माणूस हाताशी हवा. ज्या घरात असा कुणीच नाही, तिथे घाई करू नये.

पण या भीतीचं मूळ दुसरीकडे आहे. २००१पासून एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स महाराष्ट्रात आला. नोकरीसाठी तो लागू लागला आणि लाखो लोकांनी तो केला. त्यातून राज्याला माउस धरता आला, हे त्याचं श्रेय आहे. पण कम्प्युटर म्हणजे विंडोज आणि लेखन म्हणजे वर्ड, हे समीकरणही त्याच काळात आपल्या डोक्यात पक्कं बसलं. केरळने वेगळी वाट धरली. तिथल्या सरकारी शाळांच्या आयटी@स्कूल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारलं, शिक्षकांना त्यावर तयार केलं, आणि २०१७मध्ये त्याच प्रकल्पाची काइट ही सरकारी कंपनी झाली. तिथली मुलं मल्याळम माध्यमात शिकत लिनक्स हाताळतात. तिथल्या शिक्षकांना जे जमलं ते आपल्याला न जमण्याचं कारण मला दिसत नाही. आपल्या देशाच्या सी-डॅकनेही बॉस नावाचं लिनक्स बनवलं आहे, भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून.

आपल्या मुलांसाठी यात आणखी एक लाभ आहे. उर्दू माध्यमातून दहावी झालेला मुलगा पुढे इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला गेला की त्याच्यासमोर लिनक्सचा काळा पडदा येतो. इंग्रजीची धास्ती आधीच असते, त्यात ही भर. तो पडदा त्याने घरी सातवी-आठवीतच पाहिलेला असेल, तर वर्गात एका गोष्टीपुरता तरी तो इतरांच्या पुढे असेल.

मोहल्ल्याने करायचं काम

एकट्याने हे अवघड वाटतं, चौघांनी मिळून सोपं होतं. शाळा, लायब्ररी किंवा अंजुमनची एखादी खोली, चार पेनड्राइव्ह, एक बाहेरची डिस्क आणि सुट्टीवर आलेली इंजिनिअरिंगची दोन मुलं, एवढ्यावर एका रविवारी पाच-सहा घरांचे कम्प्युटर मार्गी लागतात. ही मदत करणाऱ्या मुलांना चहासोबत थोडा मेहनतानाही द्या. सॉफ्टवेअर मोफत आहे, माणसाचा वेळ मोफत नाही.

आणि त्याच खोलीत दुसरं कामही सुरू करा. ज्याच्याकडे इनपेजच्या, श्री-लिपीच्या, कृतिदेवच्या जुन्या फाइली आहेत त्याने त्या आणाव्यात. आज ज्या विंडोजवर त्या उघडतात, त्यावरच त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावं. रूपांतरात चुका राहतात, विशेषतः जोडाक्षरांत आणि जेर-जबरच्या खुणांत. म्हणून वाचून तपासायला उर्दू आणि मराठी जाणणारी माणसं लागतील. हे काम यंत्र एकटं करणार नाही. निवृत्त शिक्षकांनो, हे काम तुमचं आहे.

दोन सिस्टिमची ही व्यवस्था मला कायमची वाटत नाही. तो मधला पूल आहे. काही वर्षांनी कुणी पूर्ण लिनक्सवर जाईल, कुणी नवा कम्प्युटर घेऊन विंडोजवरच राहील. दोन्ही ठीक आहे. तोवर आपलं लिखाण कोणत्याही एका कंपनीच्या किल्लीवाचून उघडेल असं करून ठेवू या. पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलीला अमरावतीच्या उर्दू शाळांबद्दल लिहावंसं वाटलं, तर तिला आपल्या फाइलींत चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसू नयेत. अक्षरं दिसावीत.